वजन टेकू द्या, मग नट आवळा

‘बुश म्हणजे आहे तरी काय? रबराचा तुकडा. जुना काढायचा, नवा ठोकायचा, नट आवळायचा, गाडी जॅकवरून खाली सोडायची. वजनावर आवळा, उंची मोजा, ही सगळी पुस्तकातली कलमं. आणि आता तर रबरही नको. पॉलियुरेथेन घाला, जन्मभर बघायला नको.’

उज्जैनच्या फ्रीगंजात टॉवर चौकात एका संध्याकाळी आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी हे चार जणांसमोर ठासून सांगितलं. ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे जुनी फियाट आहे, माझ्याकडे वडिलांनी मागे ठेवलेली १९७६ची प्रीमियर पद्मिनी. त्या दिवशी मी तोंडावर फार बोललो नाही, कारण मोठ्या माणसाला चौकात खोडून काढायचं नाही अशीच आमच्या घरची शिकवण. पण ऐकणाऱ्यांतल्या दोघा तरुणांनी नुकत्याच जुन्या गाड्या घेतल्या आहेत आणि काकांचा शब्द ते प्रमाण मानतात. आठवड्याभरात त्यांतला एक जण पुढचे बुश बदलायला गाडी सोडून आला आणि संध्याकाळी परत घेऊनही आला. म्हणून हा लेख. काकांविषयी आदर आहे तसाच आहे. त्यांचं हे म्हणणं मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत चुकीचं आहे.

पहिला शब्द घेऊ. बुश हा रबराचा तुकडा नव्हे, ती स्प्रिंग आहे.

पुढच्या चाकाला धरून ठेवणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असतात, तिथे हा बुश बसतो. त्याचे तीन भाग: आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी नळी आणि दोघींच्या मध्ये घट्ट धरलेलं रबर. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो. नट आवळला की ही आतली नळी दोन्ही बाजूंनी चिमटली जाते आणि सांगाड्याशी एकजीव होते. ती फिरत नाही, आणि फिरूही नये. चाक खड्ड्यात गेलं की आर्म खाली झुकतो, उंचवट्यावर चढलं की वर उठतो, आणि ही सगळी हालचाल मधलं रबर पीळ खाऊन सोसतं. कुठेही काही घासत नाही, म्हणून तेल लागत नाही, ग्रीस लागत नाही, आवाज होत नाही. फ्रान्समध्ये १९२०च्या दशकात ही कल्पना ‘सायलेंटब्लॉक’ या नावानं बाजारात आली, आणि आपले मिस्त्री आजही ‘सायलेंट ब्लॉक’ म्हणतात तो शब्द तिथला. रबराला गाडीत मानाचं स्थान मिळालं त्याच सुमारास. १९३१ साली क्रायस्लरनं प्लिमथ गाडीचं इंजिन रबराच्या बैठकीवर तरंगतं ठेवून दाखवलं आणि गाडीभर पसरणारी थरथर थांबवली. याच क्रायस्लरशी वालचंद हिराचंदांनी पुढे करार केला, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या गेल्या आणि मग फियाट आली. आपल्या दारातल्या पद्मिनीचं घराणं असं रबराची कदर करणाऱ्यांचं आहे.

आता नट कधी आवळायचा, या मुद्द्यावर येतो. काकांना जे पुस्तकी वाटतं ते हेच.

गाडी जॅकवर घेऊन घोडीवर ठेवली की चाक लोंबतं आणि आर्म आपल्या सगळ्यात खालच्या टोकाला जातो. त्याच अवस्थेत नट पूर्ण आवळला, तर रबराची ‘शांत’ स्थिती ती ठरते. गाडी खाली सोडली की तिचं वजन चाकावर येतं, आर्म वर येतो आणि रबर पिळलं जातं. हा पीळ मग तिथून हटत नाही. हिशेब करून बघा, यात काही गूढ नाही. आर्म ३० सेंटिमीटर लांब धरू आणि लोंबत्या चाकापासून उभ्या गाडीच्या चाकापर्यंतचं अंतर ८ सेंटिमीटर. म्हणजे आर्म साधारण १५ अंश वळतो. बुशातलं रबर ६ मिलिमीटर जाड आहे आणि त्याचा मध्य नळीच्या केंद्रापासून ११ मिलिमीटरवर आहे असं समजा. १५ अंशांत रबराची एक कड दुसरीच्या तुलनेत जवळपास ३ मिलिमीटर सरकते, म्हणजे स्वतःच्या जाडीच्या निम्मी. हे गाडी नुसती उभी असताना. आता चाक एखाद्या गतिरोधकावर चढून अजून ७ सेंटिमीटर वर गेलं, तर एकूण वळण २९ अंशांच्या आसपास जातं आणि रबराला जवळजवळ स्वतःच्या जाडीएवढं ताणलं जावं लागतं. तोच नट गाडीचं वजन चाकांवर असताना आवळला असता, तर उभ्या गाडीत पीळ शून्य, खड्ड्यात एकीकडे १५ अंश, उंचवट्यावर दुसरीकडे १३-१४ अंश. तोच बुश, तोच रस्ता, तोच मिस्त्री. फरक फक्त नट कधी आवळला याचा, आणि रबरावरचा सगळ्यात मोठा ताण जवळजवळ दुप्पट.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो. इथे पीळच सुंभ जाळतो.

काकांचा पुढचा युक्तिवाद मी इथेच घेतो, कारण तो वरच्या हिशेबाला नेमका चिकटलेला आहे. ‘जुनी गाडी वर्षाला चालते किती? पाचशे किलोमीटर. दसऱ्याला पूजा, एखाद्या लग्नाला मिरवणं, थंडीत इंदूरला एक फेरी. एवढ्यासाठी कशाला एवढा घोळ?’ हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि तो सगळ्यात घातक आहे. कमी चालणाऱ्या गाडीला चुकीच्या आवळणीचा त्रास कमी होत नाही. ती अंगणात उभी असताना, रात्री सगळे झोपलेले असताना, तिच्या चारही आर्मांचे बुश पिळलेले असतात. तीनशे साठ दिवस उभी राहणारी गाडी तीनशे साठ दिवस रबर पिळत असते. वर उज्जैनचा उन्हाळा, पत्र्याखाली साचणारी उष्णता. ताणलेल्या रबराला हवेतला ओझोन लवकर चिरतो, सैल रबराला उशिरा. रबराचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. रबराला सवयही लागते: बराच काळ एका स्थितीत पिळून ठेवलं की ते पूर्ण परत येत नाही. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीलाच ही शिस्त जास्त हवी. रोज धावणाऱ्या टॅक्सीचे बुश तसेही झिजून वर्ष-दोन वर्षांत बदलले जात. आपल्याला मात्र एकदा बसवलेला बुश दहा वर्षं टिकवायचा आहे.

टॅक्सीचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावरून गेली. शेवटची गाडी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली होती आणि वीस वर्षांची मुदत भरली. बातमी वाचताना सगळ्यांना आठवणी आल्या. मला बुश आठवले. हजारो टॅक्सी होत्या तोवर त्यांच्यासाठी कुणीतरी कुठेतरी रबर ओतत होतं, साचे जिवंत होते, मुंबईच्या चोर बाजारात आणि दिल्लीच्या काश्मिरी गेटला माल होता. ती मागणी संपली. आता आपल्या हाती जो एक चांगला बुश येतो तो चुकीच्या आवळणीनं सात महिन्यांत फाडून टाकणं हा निव्वळ नास आहे.

सात महिने हा आकडा माझा स्वतःचा आहे. पहिल्यांदा मी जिथे काम करून घेतलं तिथे बुश जॅकवरच आवळले गेले. मला तेव्हा काही कळत नव्हतं, मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो. सात महिन्यांत डावीकडच्या खालच्या आर्ममधून टक्-टक् सुरू झालं, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली. उघडून पाहिलं तर रबर आतल्या नळीपासून सुटलं होतं आणि फाट एका दिशेनं तिरकी गेली होती, जणू कुणी कापड पिळून फाडावं तशी. पुन्हा बदलले, पुन्हा तसेच आवळले गेले, पुन्हा वर्षभरात तेच. तिसऱ्या वेळी मी स्वतः खड्ड्यात उतरून वजनावर आवळून घेतले. त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. एका गाडीचा अनुभव म्हणजे सिद्धांत नव्हे, हे मान्य. पण वरचा हिशेब माझ्या गाडीवर अवलंबून नाही.

‘चाळीस वर्षं आमचे उस्ताद असंच करत आले, कुणाची गाडी उलटली?’ हे काकांचं सगळ्यात ठाम वाक्य होतं. त्या उस्तादांचा हात मी लहानपणापासून पाहिला आहे. कानानं टॅपेट लावणारी, अंदाजानं टायमिंग बसवणारी ती माणसं. त्यांच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण त्यांची सवय कुठून आली ते पाहिलं पाहिजे. ती आली ॲम्बेसेडर आणि ट्रकमधून. उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर २०१४पर्यंत बनत राहिली, आणि तिच्या पुढच्या भागात ग्रीस खाणारे सांधे होते. तिथे लोखंड लोखंडावर फिरतं, निपलमधून ग्रीस भरायचं, नियमित भरायचं. ट्रकच्या पाट्यांनाही तसंच. अशा सांध्याला आवळताना आर्म खाली आहे की वर याचा फरक पडत नाही, कारण तो मुळात फिरणाराच सांधा आहे. त्या जगात वाढलेल्या हातानं रबरी बुशालाही तसाच सांधा मानला. चूक कौशल्याची नाही. एका यंत्राचा नियम दुसऱ्या यंत्राला लावल्याची आहे. आणि गाडी उलटली नाही, हे प्रमाणपत्र कसं होतं? ‘फियाटचं स्टिअरिंग असंच भटकतं’, ‘जुन्या गाडीचा पुढचा भाग खडखडणारच’, ‘टायर आतून खातो, काय करणार’ ही वाक्यं आपण चाळीस वर्षं ऐकत आलो. ती भटकण्याची, खडखडण्याची, टायर खाण्याची कारणं बुशात होती, आणि आपण ती गाडीच्या वयावर आणि जातीवर ढकलली. कुर्ल्याहून बाहेर पडलेली पद्मिनी भटकत नव्हती.

याच सवयीतून आणखी एक प्रकार आला, त्यावर माझा जास्त राग आहे. बुशानं चुंईचुंई केलं की ग्रीस चोपडतात, जुनं इंजिन ऑइल लावतात. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाखाली डिझेल नाहीतर काळं ऑइल फवारतात, अगदी प्रेमानं, पैसे देऊन. नैसर्गिक रबर खनिज तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडावरची पकड सोडतं. ज्या फवाऱ्यानं पत्रा वाचवला त्यानंच बुश मारले. पत्र्याला लावायचं तर हातानं, ब्रशनं, बुशावर प्लॅस्टिक गुंडाळून लावा. बुश दाबून बसवतानाही ग्रीस नको. साबणाचं पाणी पुरतं, ते वाळून जातं आणि मागे काही ठेवत नाही.

आता पॉलियुरेथेन. काकांचा हा मुद्दा तरुणांना सगळ्यात आवडला, आणि तो आला कुठून हेही मला माहीत आहे: अमेरिकन मसल कारच्या चित्रफितींतून. १९६४ची पॉन्टियॅक जीटीओ, १९६७ची शेवरले कॅमारो, १९६८ची डॉज चार्जर, फोर्ड मस्टँग. त्या गाड्या उघडतात, जुने रबरी बुश जाळून काढतात, लाल किंवा काळे चकचकीत पॉलियुरेथेनचे बसवतात आणि गाडी वळणावर चाकूसारखी जाते. पाहायला छानच वाटतं. पण त्या गाडीत सहा-सात लिटरचं इंजिन आहे, रुंद टायर आहेत आणि मालकाला ती शर्यतीच्या मैदानावर न्यायची आहे. आपल्या पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्ती. तिला कोपऱ्यावर कुणाशी शर्यत लावायची आहे?

आणि त्या मसल कारमध्येही हे औषध सरसकट चालत नाही. जुन्या मस्टँगमध्ये खालच्या आर्मपासून पुढे सांगाड्याकडे एक तिरकी दांडी जाते, स्ट्रट रॉड. चाक वर-खाली होताना त्या दांडीचं मागचं टोक आर्मबरोबर वर-खाली होतं, त्यामुळे पुढच्या टोकाच्या बुशाला सगळ्या बाजूंनी थोडं झुकावं लागतं. रबर झुकतं. कडक पॉलियुरेथेन झुकत नाही, मग दांडी वाकते, पुन्हा पुन्हा वाकते आणि शेवटी तुटते. मस्टँग जपणाऱ्या लोकांमध्ये ही गोष्ट पाठ आहे. म्हणून तिथेही समजदार माणूस ज्या गाडीनं रस्त्यावरच फिरायचं आहे तिच्यात या जागी रबरच ठेवतो. आणि त्याच गाड्यांच्या रबरी बुशांसाठी तिकडेही नियम तोच: गाडी आपल्या वजनावर उभी राहिल्यावर आवळा. प्लिमथ-डॉजच्या टॉर्शन बारवाल्या गाड्यांच्या खालच्या आर्मला तर हा नियम मोडला की बुश लवकरच बोलतो.

पॉलियुरेथेन रबरासारखं नळीला चिकटलेलं नसतं. त्यात आतली नळी फिरते. म्हणजे आपण पुन्हा घासणाऱ्या सांध्यावर आलो: ग्रीस हवं, ते धुळीत मिसळतं, वाळतं, आणि मग कुरकुर. शिवाय ते फार कडक. गाडीचे रबरी बुश साधारण ५० ते ७० शोअर कठीणतेचे असतात, पॉलियुरेथेनचे ८० ते ९५. या फरकाचा अर्थ आपल्या रस्त्यावर समजून घ्या. माळव्याची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात आकसते, तिच्यावर घातलेला रस्ता दर वर्षी लाटा काढतो. देवास रोडला, आगर रोडला, कुठेही जा. सिंहस्थ २०२८च्या तयारीत शहरात जे खोदकाम चाललं आहे ते वेगळंच. अशा रस्त्यावर चाकाला बसणारा बारीक दणका आधी टायर खातो, मग बुश खातो, उरलेला कॉइल स्प्रिंग आणि शॉकअपकडे जातो. बुश कडक केला की त्याच्या वाट्याचा दणका सांगाड्यात जातो, पन्नास वर्षांच्या वेल्डिंगमध्ये जातो. पद्मिनी मुळात क्रॉस-प्लाय टायरवर आली होती. आज बहुतेकांनी रेडियल घातले आहेत, आणि कमी वेगात रेडियल बारीक दणके जास्त थेट देतो. म्हणजे मऊ बुशाची गरज आज अधिक आहे.

काका म्हणतील, नवीन जमान्यात रबर कोण वापरतं? सगळे वापरतात. आज दुकानातून बाहेर पडणाऱ्या नव्या गाड्यांच्या आर्ममध्येही नळीला चिकटवलेलं रबरच आहे. कित्येक महागड्या गाड्यांत रबराच्या पोटात द्रव भरलेले बुश आहेत, म्हणजे कारखाने अधिक मऊपणासाठी जास्त पैसे खर्च करतात. इंदूरपलीकडे पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग २०२१ साली सुरू झाला. तिथे ताशी दोनशेच्या वर पळणाऱ्या गाड्याही रबरी बुशांवरच पळतात. आणि त्या गाड्यांचे आर्म बदलताना मिस्त्रीला दिलेली सूचनाही तीच: शेवटची आवळणी वजनावर.

एक गोष्ट मात्र पॉलियुरेथेनच्या बाजूनं खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. चांगला रबरी बुश आज सहजासहजी मिळत नाही. बाजारात पुनर्वापर केलेल्या रबराचे बुश भरले आहेत. नखानं खरवडलं तर भुगा निघतो, वास जळक्या टायरचा येतो. ‘ओरिजिनल जुना स्टॉक’ म्हणून जे पाकीट मिळतं त्यातलं रबर पाकिटातच तीस वर्षं म्हातारं झालेलं असतं. त्याला नवं म्हणून पैसे मोजू नका. या दोन्हींपेक्षा चांगला पॉलियुरेथेन बुश बरा, असं कुणी म्हटलं तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. स्टॅबिलायझर बारच्या चार बुशांना तर मी स्वतः पॉलियुरेथेन घातलं आहे, तिथे ते उत्तम चालतं. पण आर्मसाठी अजून एक वाट आहे. इंदूर-पिथमपूर पट्ट्यात वाहनांना रबराचे भाग पुरवणारे लहान कारखाने आहेत. आपल्या जुन्या बुशाच्या दोन्ही नळ्यांची मापं घ्या, ६० शोअरचं नैसर्गिक रबर मागा, आणि रबर नळीला रासायनिक रीतीनं चिकटवलेलं हवं हे लिहून द्या. एकट्याला साचा महाग पडतो. उज्जैनमध्ये, इंदुरात, देवासमध्ये मिळून पंधरा-वीस फियाटवाले एकत्र आले तर तो अगदी परवडतो. काकांचा शब्द लोक ऐकतात. त्यांनी चौकात पॉलियुरेथेनऐवजी या वर्गणीची गोष्ट काढली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

खर्चाचा एक कोपरा अजून राहिला, आणि तो लोकांच्या लक्षातच येत नाही. जॅकवर आवळलेले बुश नवे असताना पिळलेल्या स्प्रिंगसारखे गाडीला वर उचलून धरतात. पुढचा भाग थोडा उंच उभा राहतो. मालक खूश होतो, नवे बुश, गाडी कशी तरारली. त्याच उंचीवर तो व्हील अलाइनमेंट करून घेतो, पैसे देतो. मग रबर सैलावतं, फाटतं, गाडी खाली बसते, आणि चाकांचे कोन, म्हणजे कॅम्बर-टो, सगळे बदलतात. अलाइनमेंट खोट्या उंचीवर झालं होतं. टायर आतून खायला लागतो, आणि मालक अलाइनमेंटवाल्याला शिव्या देतो, ज्याची काहीच चूक नाही.

काम कसं व्हावं, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता विरोध करतो. गाडी उघडण्याआधी सपाट जमिनीवर उभी असताना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं माप घ्या, भिंतीवर खडूनं लिहा. आर्मखालच्या शिमच्या चकत्या जिथून काढल्या तिथल्या तिथे तारेत ओवून ठेवा. एक इकडची तिकडे गेली की कॅम्बर गेला. कॉइल स्प्रिंग कंप्रेसरशिवाय सोडू नका. दाबलेल्या स्प्रिंगनं माणसाचा हात, जबडा मोडतो. इथे घाईला क्षमा नाही. गाडी जॅकवर कधीच सोडू नका, घोडी लावा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे द्या. जुना बुश टॉर्चनं जाळून काढतात तेव्हा आर्मचा डोळा तापून वाकडा होतो. प्रेसवर, नाहीतर जाड व्हाइसमध्ये गोटी पान्याच्या दोन गोट्या लावून हळूहळू ढकला. नवा बुश बसवताना जोर बाहेरच्या नळीवर पडू द्या, आतल्या नळीवर किंवा रबरावर ठोकलं तर बसण्याआधीच चिकटवण सुटते. सगळं जोडल्यावर नट नुसते टेकवा. गाडी खाली घ्या, दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, पुढच्या बाजूला दोन माणसांनी दाबून हलवा, भिंतीवरचं माप जुळतंय का बघा, आणि मग खड्ड्यात उतरून नट पूर्ण आवळा. मागच्या पाट्यांच्या रबरी बुशांनाही हाच क्रम.

याला जास्त वेळ लागतो. खड्डा असलेलं गॅरेज लागतं, आणि फ्रीगंजात अशी गॅरेजं फार उरलेली नाहीत. जागेला भाव आला, दुकानं झाली, रस्त्याच्या कडेला जॅक लावून काम करणारे मिस्त्री राहिले. त्यांना दोष देणं मला जमत नाही, कारण ‘संध्याकाळपर्यंत द्या’ असं म्हणणारे आपणच आहोत. आपण साडेतीनशे रुपये मजुरी ठरवतो आणि त्याला परत खाली वाकायला सांगत नाही. माझ्या तिसऱ्या वेळच्या मिस्त्रींनी मला सांगितलं, साहेब, दुसऱ्या दिवसाची मजुरी देणार असाल तर मला पहिल्यापासून असंच करायचं होतं. त्यांना नियम ठाऊक होता. त्यांना वेळ द्यायला कुणी तयार नव्हतं.

काका, शेवटी एक विनंती, चौकातल्या सगळ्यांसमोर. माझ्या हिशेबावर विश्वास ठेवू नका, माझ्या गाडीवरही नको. तुमची फियाट ज्यांनी गेल्या दिवाळीत केली त्यांचं काम मी पाहिलेलं नाही. गाडी खड्ड्यावर सरळ उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे द्या, जॅक लावू नका. खालच्या आर्मच्या बुशाची आतली नळी आणि तिच्या शेजारचा सांगाड्याचा पत्रा यांच्यावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. मग बोल्ट न काढता नट फक्त दोन-तीन फेरे सैल करा आणि गाडी हातानं दोनदा हलवा. नट वजनावर आवळलेला असेल तर रेघ जागच्या जागी राहील. जॅकवर आवळलेला असेल, तर आतून टक् असा आवाज येईल आणि रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकतील. किती सरकले ते पट्टीनं मोजा. मी त्या दिवशी रंगाचा डबा आणि पट्टी घेऊन तिथेच असेन, आणि रेघ हलली नाही तर हा लेख ज्यांनी ज्यांनी वाचला त्या सगळ्यांना मी स्वतः जाऊन सांगेन की काका बरोबर होते.